सनदेतले नाव

कल्याणच्या पुढे, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी जी छावणी उभारण्यात आली होती तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेल्या सुमारे एक लाख माणसांनी आश्रय घेतला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले, हा इतिहास ठाणे जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. परंतु या निर्वासितांनी सामानसुमानाबरोबर एका कायद्याची स्मृतीही आणली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. विवाहातील देण्याघेण्यापायी मुलींच्या पित्यांची, आणि पुढे त्या मुलींचीही, जी दुर्दशा होई तिला आळा घालावा म्हणून सिंध प्रांताने १९३९ सालीच 'देती-लेती' कायदा संमत केला होता. स्वतंत्र भारताला हुंडा प्रतिबंधक कायदा करण्यास १९६१ साल उजाडावे लागले. सिंधच्या त्या कायद्याने प्रथा मोडली नाही हे खरे. तथापि सासरी होणाऱ्या छळाचे एक मूळ देण्याघेण्यात आहे, हे एका प्रांतिक सरकारने एवढ्या आधी ओळखावे, ही गोष्ट मला मोठी वाटते.

निर्वासितांची पुनर्वसाहत करताना सरकारने त्यांना प्रथम छप्पर दिले आणि मग त्या छपराचा कागद. १९५४ च्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्यान्वये सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेचे दावे तपासले गेले, बराकींतील खोल्या आणि भूखंड वाटले गेले, व त्यांच्या सनदा निघाल्या. उल्हासनगरात अजूनही जमिनीचा तंटा निघाला की माणसे सनदेची भाषा बोलतात. विधवांना स्वतःचे दावे करता आले. परंतु जिचा नवरा हयात होता तिचे नाव दप्तरात बहुधा कुटुंबप्रमुखाच्या मागेच राहिले. शेजारच्या अंबरनाथमध्ये आयुधनिर्माणीच्या वसाहतीतील घर नोकरीबरोबर मिळे आणि नोकरीबरोबर जाई, व नोकरी प्रायः पुरुषाची असे. अशा रीतीने या पट्ट्यात गृहिणी ज्या घरात राबली त्या घराच्या कागदावर तिला जागा नव्हती.

कायद्याने तिला त्या काळी काय दिले होते? १९४६ साली हिंदू विवाहित स्त्रियांना स्वतंत्र निवासाचा व पोटगीचा हक्क देणारा कायदा झाला होता. पती क्रूरपणे वागत असेल, तर तिने वेगळे राहावे व त्याच्याकडून निर्वाहखर्च मागावा. हेच तत्त्व १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यात उतरले. मोठी सुधारणा ती होतीच. परंतु तिचा मथितार्थ असा की, मार खाणाऱ्या बाईने घर सोडावे आणि मारणाऱ्याने घरात राहावे. ज्या उल्हासनगरात एकाच खोलीत पापड लाटले जात, आणि पुढे जीन्सचे कापड शिवले जाऊ लागले, तेथे घर सोडणे म्हणजे उपजीविका सोडणे; आणि मुले शाळेत जाणारी असली, म्हणजे त्यांची शाळाही सोडणे. माहेरी किती दिवस राहणार, हा प्रश्न मग आपसूकच पुढे येई. पोटगीचे म्हणावे, तर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ ने ती मासिक पाचशे रुपयांच्या पलीकडे जाऊ दिली नाही. ही कमाल मर्यादा २००१ साली उठली. तोवर दोन-तीन मुलांची आई त्या रकमेत कसा संसार चालवीत असेल, याची कल्पना करवत नाही.

१९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये पती निर्दोष सुटला, परंतु विद्या बाळ आदी कार्यकर्त्यांनी उभारलेल्या नारी समता मंचाने हा प्रश्न घरोघरी पोहोचविला. १९८३ मध्ये दंडसंहितेत कलम ४९८अ आले, १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम. मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, जेथे तक्रारदार बाईचे म्हणणे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती ऐकून घेई. पुढे राज्य शासनाने ही कल्पना अन्य जिल्ह्यांतही नेली. पोलिस ठाण्यात जाणे म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणे, अशी समजूत जेथे होती तेथे या एका खोलीचे मोल किती असेल!

परंतु घराचा प्रश्न सुटला तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने. सनद कोणाच्या नावे, भाडेपावती कोणाच्या नावे, याची पृच्छा न करता सामायिक घरात राहण्याचा बाईचा हक्क त्याने मान्य केला. हिंसा करणाऱ्यासच बाहेर काढण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास दिला. मुलांचा तात्पुरता ताबा, निर्वाह, आणि पीडित बालक असल्यास त्याच्या शाळेत प्रतिवादीने पाऊल टाकू नये असा आदेश, हे सारे एकाच अर्जात मागता येऊ लागले. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व्हावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. न्यायालयांतील गर्दीपुढे ही मुदत फार क्वचित पाळली जाते, आणि ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते, कारण मार खाणारी बाई त्या साठ दिवसांत त्याच छपराखाली असते. संरक्षण अधिकाऱ्यांचे काम आरंभी महाराष्ट्रात महसुली अधिकाऱ्यांवर अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपविण्यात आले होते, त्यामुळे तहसील कचेरीच्या इतर कामांत ते मागे पडे.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सामायिक घराचा अर्थ आकुंचित करून सासऱ्याच्या किंवा सासूच्या मालकीचे घर त्यातून वगळले होते; उल्हासनगरातील सनदा आजोबांच्या नावे असल्याने तेथील सुनांना याचा फटका बसणे क्रमप्राप्त होते. १५ ऑक्टोबर २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालाने तो अर्थ रद्द ठरला, आणि सासू-सासऱ्यांच्या नावावरील घरातही सुनेच्या निवासाचा दावा ऐकला जाऊ लागला. तिकडे बदलापुरात, जेथे मुंबईच्या भाड्याला कंटाळलेली कुटुंबे कर्ज काढून नव्या इमारतींत घरे घेत आहेत, तेथे १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्राने स्त्रीच्या नावे होणाऱ्या खरेदीवर मुद्रांकशुल्कात एक टक्क्याची सवलत दिली असल्याने, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदल्या जाणाऱ्या खरेदीखतावर बाईचे नाव घालण्याचा विचार अनेक घरांतून प्रथमच होऊ लागला आहे.