खानदेशची केरसुणी

आश्विन अमावास्येच्या सायंकाळीं खानदेशांतील घरोघरीं लक्ष्मीपूजनाची मांडामांड होते, तेव्हां चोपड्या आणि नाणीं यांच्या शेजारीं एका नव्या केरसुणीलाही मानाची जागा मिळते. तिला हळदकुंकू वाहतात. एरव्हींही तिला पाय लागला तर नमस्कार करावा आणि दिवेलागणीनंतर घर झाडूं नये, असें वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. घरांतील दारिद्र्य झाडून काढणारी ती लक्ष्मी, हा या आचारामागील भाव. परंतु ही लक्ष्मी कोणाच्या हातून घडते आणि त्या हातांना समाजानें काय दिलें, याची विचारपूस क्वचितच झालेली आहे.

केरसुणी होते ती शिंदीच्या पानांची. नदीनाल्यांच्या कांठीं हें झाड आपोआप वाढतें. त्याच्या झावळ्या कापून उन्हांत वाळवितात, देठाकडील तीक्ष्ण कांटे काढून टाकतात, पानें चिरून त्यांच्या बारीक पट्ट्या करतात आणि वळलेल्या दोरीनें मूठ घट्ट आवळतात. शेणानें सारवलेली जमीन या मऊ पात्यांनीं खरवडली जात नाहीं, म्हणून घरांत केरसुणी. गोठा आणि खळें झाडावयास मात्र तुराट्यांचा ताठ खराटा.

हें काम परंपरेनें मातंग समाजाकडे होतें. जुन्या कागदपत्रांत ज्यांचा उल्लेख मांग असा येतो, ते हे लोक. दोर, कासरे, शिंकीं आणि केरसुण्या ते गांवाला पुरवीत आणि त्याबद्दल सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याचा वांटा घेत. बलुत्याची ही रीत वरवर पाहतां समतोल वाटते. पण माप भरणारा हात शेतकऱ्याचा असे, आणि घेणाऱ्याची वस्ती गांवकुसाबाहेर. ज्याची केरसुणी पूजेच्या पाटाजवळ जाई, त्याला स्वतःला उंबरठा ओलांडण्याची मोकळीक नव्हती.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेला. पुढें १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें शिंदीच्या झाडाचा रस काढण्यावर परवान्याचें आणि कराचें बंधन आलें. झाडाचा रस अशा रीतीनें सरकारी हिशेबांत चढला; त्याच झाडाच्या पानांवर झालेल्या मेहनतीचें मोल मात्र गांवच्या पायलीनेंच ठरत राहिलें.

या अन्यायाला वाचा फुटली ती पुण्यास. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’ंत प्रसिद्ध झाला. खानदेशांत हा प्रश्न केरसुणीच्याच वाटेनें पुढें आला. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. त्यांपैकीं पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें डिसेंबर १९३६ मध्यें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. तेथें अमळनेरचे साने गुरुजी ग्रामसफाईच्या आणि मैला वाहण्याच्याही कामांत उतरले. झाडण्याचें काम अमुक जातीचेंच, या समजुतीला तें कृतीनें दिलेलें उत्तर होतें. याच गुरुजींनीं १९४७ सालीं पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून उपोषण केलें. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाल्याचें जाहीर झालें.

आतां सारवलेल्या जमिनींच्या जागीं फरशी आली आहे, आणि केरसुणीच्या जागीं गवताचा फुलझाडू किंवा प्लॅस्टिकचा झाडू. तरीही दिवाळीच्या बाजारांत शिंदीची केरसुणी दिसते आणि पूजेपुरती का होईना, घरीं येते. कायद्यानें उंबरठा मोकळा केला; मनांतील उंबरठा ज्याचा त्यानेंच ओलांडावयाचा असतो. केरसुणीला लक्ष्मी म्हणणाऱ्या घरानें ती बांधणाऱ्याशीं दोन पैशांसाठीं घासाघीस करावी आणि त्याला दारांतूनच परत पाठवावें, तर त्या हळदकुंकवाला कितीसा अर्थ उरतो?