गादी राखण्याचे राजकारण: जव्हारचे मुकणे आणि त्यांचे शेजारी

उत्तर कोकणच्या किनारपट्टीपासून सह्याद्रीच्या घाटमाथ्याकडे चढत जाणाऱ्या डोंगराळ मुलुखात महादेव कोळी जमातीच्या मुकणे घराण्याचे जव्हारचे राज्य सुमारे सहाशे वर्षे टिकले. या काळात दिल्ली, बीदर, अहमदाबाद, रायगड, पुणे आणि मुंबई येथून ज्या सत्तांनी या भागावर हक्क सांगितला, त्या सगळ्या जव्हारच्या आधी लयाला गेल्या. अपवाद फक्त गोव्याच्या पोर्तुगिजांचा. विसाव्या शतकाच्या आरंभी या संस्थानाचे क्षेत्रफळ अवघे ३१० चौरस मैल होते आणि १९०१च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या ४७,५३८ भरली होती. एवढ्याशा राज्याच्या बाबतीत ‘परराष्ट्र धोरण’ हा शब्द मोठा वाटेल, परंतु त्याच्या दीर्घायुष्याचे कारण फौजफाट्यात किंवा खजिन्यात सापडत नसल्यामुळे ते शेजाऱ्यांशी त्याने ठेवलेल्या व्यवहारातच शोधावे लागते.

या व्यवहाराचा पाया भूगोलात होता. सोपारा, वसई, दमण आणि सुरत या बंदरांचा माल नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला नेणाऱ्या अनेक वाटा याच रानातून आणि घाटांतून जात, आणि लमाणांचे बैलांचे तांडे, यात्रेकरू व लष्करी तुकड्या यांना वाट दाखवणे, तिची राखण करणे किंवा ती अडवणे या तिन्ही गोष्टी कोळी नाईकांच्या हाती असत. मुलूख जिंकून घ्यावा, तर मिळणार काय? नाचणी, वरई, थोडा भात आणि पावसाळ्यानंतरचा हिवताप. त्यामुळे मोठ्या सत्तांना जव्हारची जमीन फारशी नको असे, मात्र वाट मोकळी हवी असे. आणि जमिनीची किंमत कमी पण वाटेची जास्त, ही तफावत हेच मुकण्यांचे खरे भांडवल होते.

राज्याच्या स्थापनेची जी कथा १८८२च्या ठाणे गॅझेटियरने नोंदवली आहे, तीही बळापेक्षा वाटाघाटीचीच आहे. त्या कथेनुसार पोपेरा ऊर्फ जयबा या कोळी सरदाराने जव्हारच्या वारली राजाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, राजाने ती कबूल करताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्या जोडल्या आणि त्यांच्या वेढ्यात सगळा मुलूख घेतला. कार्थेजच्या डायडो राणीचीही हीच कथा सांगितली जात असल्याने तिला इतिहासाचा पुरावा मानता येत नाही. तरीही मूळच्या वारली सत्तेचे विस्थापन एका युक्तीच्या गोष्टीत गुंडाळून पचवले गेले, एवढे त्यातून दिसते, आणि ही गोष्ट वारल्यांनी रचली नसावी हेही उघड आहे.

जयबाचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाकडून राजा हा किताब मिळाला, आणि तो ज्या दिवशी मिळाला त्या ५ जून १३४३ या दिवसापासून जव्हारने स्वतःचा शक सुरू केला, जो दरबारी कागदांवर पाच शतकांनंतरही चालू होता. शक सुरू करणे हे सार्वभौम राजाचे लक्षण मानले जाते. जव्हारने मात्र तो दुसऱ्याने दिलेल्या मान्यतेच्या तारखेपासून मोजला. दिल्ली दूर होती, तिची फौज या रानात क्वचितच येणार होती, आणि तिच्या किताबाचा उपयोग जवळच्या शत्रूंना दाखवण्यासाठी होणार होता. दूरच्या मोठ्या सत्तेचे नाममात्र वर्चस्व मान्य करून जवळच्या सत्तेपासून बचाव साधण्याची ही रीत जव्हारने पुढे अनेकदा वापरली.

बहमनी काळात या रीतीला वेगळे वळण लागले. देवबाराव हा राजा बीदरला कैदेत नेला गेला, तेथील राजकन्येशी विवाह करून तो मुसलमान झाला आणि महंमदशहा या नावाने जव्हारला परतून मरेपर्यंत निर्वेध राज्य करत राहिला, असे परंपरा सांगते; त्याच्या मागे सरदारांनी त्याच्या मुलाला बाजूला सारून घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील कृष्णशहाला गादीवर बसवले. तपशील कितपत खरा, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी राजाने बाहेर केलेली तडजोड त्याच्या हयातीपुरती सोसायची आणि ती वंशपरंपरागत होऊ द्यायची नाही, ही सरदारांची भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज वसई आणि दमणला स्थिरावल्यावर त्यांच्या किनारी गावांना डोंगरातून उतरणाऱ्या कोळी टोळ्यांचा उपद्रव होऊ लागला. या उपद्रवावरचा तोडगा जव्हारच्या उत्तरेकडील रामनगरच्या राज्यात, म्हणजे पुढच्या धरमपूर संस्थानात, ठळकपणे पाहायला मिळतो. दमणच्या परगण्यातील गावांवर हल्ले न करण्याच्या बदल्यात पोर्तुगीज त्या राजाला गावांच्या महसुलाचा ठरावीक हिस्सा देत, आणि त्या हिश्शाला चौथाई म्हणत. पुढे मराठ्यांनी हिंदुस्थानभर नेलेल्या चौथाईचे हे एक आधीचे रूप होय. शांतता विकत घ्यायची, पण जमिनीची मालकी कोणाची हे कागदावर स्पष्ट करायचे नाही, असा तो करार होता. राजाला तो आपल्या जुन्या हक्काची कबुली वाटे आणि पोर्तुगिजांना तो संरक्षणावरचा खर्च वाटे, आणि दोघांचे समज वेगवेगळे राहिले म्हणूनच तो टिकला.

शिवकालात जव्हारचे धोरण सर्वाधिक यशस्वी झाले आणि लगोलग फसलेही. जानेवारी १६६४मधील सुरतेच्या स्वारीकडे जाताना शिवाजी महाराजांची आणि राजा विक्रमशहा यांची भेट जव्हारजवळच्या शिरपामाळ येथे झाली, अशी पक्की स्थानिक परंपरा आहे. महाराजांनी राजाला मानाचा शिरपेच दिला आणि जव्हारकरांनी स्वारीला साथ दिली, असे सांगितले जाते, आणि आज त्या माळावर स्मारक उभे आहे. गॅझेटियरनेही विक्रमशहा या मोहिमेत सामील झाल्याचे नोंदवले आहे. जव्हारच्या बाजूने पाहता यात नवे काही नव्हते: एका मोठ्या सत्तेला वाट हवी होती, ती देण्याच्या बदल्यात मान आणि लुटीतला वाटा मिळत होता, आणि ज्या मुघलांची सुरत लुटली जाणार होती, ते तूर्त लांब होते.

परंतु पुढील आठ वर्षांत स्वराज्याची गरज बदलली. सुरतेवर एखादी स्वारी करून परतण्याऐवजी तिच्याकडून दरसाल चौथाई वसूल करायची, तर कल्याणपासून सुरतेपर्यंतचा सलग पट्टा हाती असणे आवश्यक होते, आणि त्या पट्ट्यात जव्हार व रामनगर ही दोन राज्ये मध्येच बसली होती. जून १६७२मध्ये महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी मोठ्या फौजेनिशी जव्हार घेतले. तेथे १७ लाखांचा खजिना सापडल्याची नोंद आहे, आणि विक्रमशहा मुघलांच्या आश्रयाला नाशिककडे निघून गेला. महिन्याभरात रामनगरही पडले, आणि सुरतेच्या वखारीतील इंग्रज व्यापाऱ्यांनी आपला माल हलवण्याची तयारी सुरू केली. रामनगर हाती येताच मराठ्यांनी पोर्तुगिजांकडे दमणच्या चौथाईची मागणी केली, कारण ती घेणाऱ्या राजाचा हक्क आता जिंकणाऱ्याकडे आला होता. पोर्तुगीज ती मागणी वर्षानुवर्षे लांबवत राहिले.

शिरपामाळची भेट आज अभिमानाने सांगितली जाते आणि १६७२ची घटना सहसा वगळली जाते. वास्तविक दोन्ही एकाच राजाच्या कारकिर्दीत, एकाच वाटेमुळे घडल्या. मित्रसत्तेला वाट अधूनमधून लागते तोवर मैत्री टिकते, आणि ती कायमची लागू लागली की लहान राज्यच अडथळा ठरते, हे येथे जेवढे स्वच्छ दिसते तेवढे उत्तर कोकणाच्या इतिहासात अन्यत्र क्वचितच दिसते. घराणे मात्र संपले नाही. मुघलांचा आश्रय, घाटमाथ्याची आडवाट आणि मराठ्यांच्या पुढच्या अडचणी यांच्या आधाराने मुकणे पुन्हा आपल्या जागी आले.

चिमाजी आप्पांनी १७३९मध्ये वसई घेतल्यावर उत्तर कोकणात पोर्तुगीज हा तोलाचा दुसरा पक्ष उरला नाही, आणि दोन सत्तांमध्ये झुलत राहण्याची जव्हारची सोय संपली. पेशव्यांनी प्रथम नजराणा, म्हणजे वरिष्ठ सत्तेला द्यायची मानाची भेट, मागितला आणि नंतर एकेक करून परगणे ताब्यात घेतले. अखेरीस १७८२मध्ये राजाकडे १५ ते २० हजारांच्या उत्पन्नाचा मुलूख ठेवण्यात आला. घाटालगतचा मोखाड्याचा भाग पुढे इंग्रजी अमलात शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे तालुक्याचा दुय्यम पोटविभाग, झाला. आज जव्हार-मोखाडा ही जोडी एका दमात उच्चारली जाते, परंतु संस्थानी काळात या दोन गावांच्या मध्ये संस्थान आणि खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालचा, मुलूख यांची हद्द होती.

याच सुमारास शेजारी एक तह झाला. मराठ्यांच्या आरमाराने पकडलेल्या ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाच्या भरपाईदाखल पुणे दरबाराने १७ डिसेंबर १७७९च्या तहान्वये पोर्तुगिजांना १२ हजार रुपयांच्या महसुलाची गावे लावून देण्याचे मान्य केले, आणि त्यानुसार १७८३मध्ये नगर हवेली व १७८५मध्ये दादरा त्यांच्या हवाली झाले. ही गावे पूर्वीच्या रामनगर राज्यातली होती. दोन मोठ्या सत्तांनी समुद्रावरचा तंटा डोंगरातल्या तिसऱ्याच्या महसुलावर मिटवला, आणि तेथील वारली, कोकणा व धोडिया कुळांना त्यांचा धनी बदलल्याचे बहुधा सारा गोळा करणारा नवा माणूस आल्यावरच कळले असेल.

महसूल दिला म्हणजे सत्ता दिली काय, या १७७९मध्ये मोघम ठेवलेल्या प्रश्नाचा निकाल पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लागला. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केल्यानंतर पोर्तुगालने दमणहून तेथे जाण्याच्या हक्कासाठी भारताविरुद्ध दावा चालवला, आणि मराठी तहाचा मजकूर न्यायमूर्तींसमोर आला. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने मान्य केले, की मराठ्यांनी दिले ते सार्वभौमत्व नव्हते. ती केवळ सरंजामाची, म्हणजे सेवा वा निष्ठेच्या बदल्यात महसूल उपभोगण्याची, नेमणूक होती. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगिजांचा ताबा गृहीत धरल्याने त्यांचे सार्वभौमत्व मान्य झाले, असेही न्यायालयाने म्हटले. मालाची व नागरी अधिकाऱ्यांची ये-जा पोर्तुगालच्या हक्कात बसते, पण सशस्त्र फौज किंवा पोलिसांची नाही, आणि भारताने १९५४मध्ये वाट अडवल्यामुळे कोणत्याही कर्तव्याचा भंग झाला नाही, असा निर्णय लागला. वाट कोणाची आणि जमीन कोणाची, हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची डोंगरातली जुनी रीत अशा प्रकारे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथांत जाऊन बसली.

१८१८नंतर जव्हारला बाहेरचे व्यवहार असे उरलेच नाहीत, कारण सर्वोच्च सत्तेच्या तत्त्वानुसार संस्थानांचे परराष्ट्र संबंध इंग्रजांकडे गेले आणि ठाण्याचा कलेक्टर हाच जव्हारचा पोलिटिकल एजंट झाला. बदल्यात खंडणी माफ, दत्तक घेण्याची सनद आणि पुढे नऊ तोफांच्या सलामीचा मान मिळाला. पण जव्हारच्या महत्त्वाला खरा धक्का १८६०च्या दशकात बसला. त्या दशकात एक लोहमार्ग किनाऱ्याने गुजरातेत गेला आणि दुसरा कसाऱ्यावरून थळ घाट चढून नाशिककडे गेला. दोघांच्या मधल्या बेचक्यात जव्हार राहिले आणि बैलतांड्यांच्या वाटा ओस पडल्या. संस्थानाकडे विकण्याजोगे जंगल उरले, आणि सागाच्या लाकडावरच पुढचा दरबार चालला.

मानवी संकटांच्या बाबतीत या संस्थानी रचनेचा कस लागला तेव्हा ती कमीच पडली. १८७६-७८च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने बनवलेल्या दुष्काळ संहितेचा सगळा रोख पाऊस बुडणे, भाव चढणे आणि लोक मदतकामांवर येणे या लक्षणांवर होता, तर जव्हार-मोखाड्यात पाऊस धो-धो पडत असतानाच, आषाढ-श्रावणात, घरातले धान्य संपून उपासमार होत असे. तेवढ्या महिन्यांसाठी सावकाराकडून खाण्यापुरते उसने धान्य घेण्याच्या प्रथेला खावटी म्हणत, आणि ती फेडण्यासाठी सावकाराच्या शेतावर राबावे लागे. ही उपासमार वार्षिक व ठरलेली असल्याने दरबारने किंवा एजंटाने तिला संकट मानण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरसारख्या मोठ्या संस्थानात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली, तीही ब्रिटिश सरकारच्या संमतीने आणि पोलंडच्या निर्वासित सरकारच्या खर्चाने. जव्हारसारख्या संस्थानाला इतकेही करणे आवाक्याबाहेरचे होते. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे यांनी युद्धकाळात हवाई दलात नोकरी केली, १९४८मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन केले, आणि नंतर ते लोकसभेवर निवडून गेले.

विलीनीकरणानंतर हद्द मिटली, खावटीची जागा शासनाच्या कर्जयोजनेने घेतली, पण श्रावणातली उपासमार कमी-अधिक तशीच राहिली. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषण आणि आजारांनी अनेक बालके दगावली, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली, मुंबईतून मंत्र्यांच्या गाड्या घाट चढून आल्या, आणि जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय देण्यात आले. १९९५नंतरची नवसंजीवनी योजना, म्हणजे आदिवासी भागात पावसाळ्यापूर्वी धान्य, औषधे व रोजगार पोचवण्याची एकत्रित व्यवस्था, हे अशाच घटनांचे फलित होय. पावसाळा हाच येथला दुष्काळाचा हंगाम, हे तिच्या वेळापत्रकात प्रथमच गृहीत धरले गेले. तरीही दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा नव्या जिल्ह्याचे मुख्यालय जव्हारला असावे अशी मागणी होती, आणि ते रेल्वेवरच्या पालघरला गेले.