दोन घरचा पाहुणा

सध्या पोस्टिंग जबलपूरला आहे. रविवारी सुट्टी मिळाली की मोटारसायकल काढतो आणि कटनी रस्त्याने पनागरपर्यंत जाऊन येतो. हिवाळ्यात इथला मटार बघावा, ढीगच्या ढीग. गावाकडच्या एका जुन्या फौजी मित्राला फोनवर पनागर म्हटलं, तर तो म्हणाला, "म्हणजे ते हवाई दलाचं स्टेशन ना?" ते नव्हे. ते पानागड, पश्चिम बंगालात. २०१६ पासून त्या तळाला मार्शल ऑफ द एअर फोर्स अर्जन सिंग यांचं नाव आहे. आमचं पनागर तोफांच्या शेजारचं. जबलपूरला १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे आणि खमरियाला तोफांची चाचणी घ्यायची लाँग प्रूफ रेंज.

मटार घेताना लांबून धडाम ऐकू आलं. भाजीवाल्याने मानसुद्धा वर केली नाही. मी मात्र गनर, माझा हात थांबलाच.

रेंजवर गोळा कुठे पडला ते मोजायला यंत्रं असतात, माणसं असतात. लढाईत गोळा टेकडीपलीकडे पडतो. शंभर मीटर पुढे पडला की मागे, हे तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. म्हणून तोपखान्यात ओपी असतो, म्हणजे पुढे जाऊन बघणारा. पण शत्रूच्या तोफा डोंगराच्या पाठीमागे असतील तर ओपीलाही दिसत नाही. मग एकच वाट उरते, वर जाऊन बघायचं.

यातूनच एअर ओपी स्क्वॉड्रन निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ६५१ पासूनचे क्रमांक त्यांना दिले. पहिली १९४१ मध्ये उभी राहिली. व्यवस्था मोठी गमतीची होती. विमान उडवणारा अधिकारी तोपखान्याचा आणि विमान दुरुस्त करणारा हवाई दलाचा. कारण साधं होतं. वैमानिकाला तोपखाना शिकवण्यापेक्षा गनरला विमान शिकवणं सोपं. विमान होतं ऑस्टर, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड मढवलेलं. त्यावर बंदूक नाही, बॉम्ब नाही. आपल्याच तोफांच्या मागे झाडाच्या शेंड्याला लागून उडायचं, क्षणभर वर यायचं, गोळा पडलेला बघायचा, वायरलेसवर करेक्शन द्यायचं आणि पुन्हा खाली. उतरायला एखादं सपाट शेत पुरे.

आपल्याकडे यातल्या दोन स्क्वॉड्रन महत्त्वाच्या. ६५६ नंबरची १९४३ मध्ये भारतात आली आणि चौदाव्या सेनेबरोबर ब्रह्मदेशात लढली. दुसरी ६५९. ती एप्रिल १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये उभी राहिली, जून १९४४ मध्ये फ्रान्सला गेली आणि युद्ध संपल्यावर भारतात आली. १४ ऑगस्ट १९४७ रोजी लाहोरला ती मोडली. तिची विमानं आणि सामान दोन देशांत वाटलं गेलं. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, भारताची पहिली एअर ओपी फ्लाइट उभी राहिली. देश आणि ही फ्लाइट एकाच वयाचे. दोन्ही वाटणीतून आलेले.

वर्ष उलटायच्या आत काश्मीरची लढाई सुरू झाली आणि ऑस्टर तिथेही कामाला लागली. पुढे बंगळूरच्या एचएएलने आपलं विमान केलं, कृषक. त्याचं पहिलं उड्डाण १९५९ मधलं. शेतकऱ्याचं नाव असलेलं हे विमान ऑस्टरच्या जागी आलं आणि पुढे त्याच्या जागी चीता हेलिकॉप्टर.

आता माझ्या मामांबद्दल. आमचं गाव खटाव तालुक्यात. मामा हवाई दलात फिटर, कॉर्पोरल. १९६५ ला ते पंजाबात एका एअर ओपी फ्लाइटबरोबर होते. आम्ही लहानपणी विचारायचो, "मामा, तुम्ही किती विमानं पाडली?" ते हसायचे. "आरं, मी पाडली न्हाईत, मी शिवली," म्हणायचे. खरंच शिवली. कापडाला भोक पडलं की ठिगळ लावायचं, वरून डोप फासायचं, वाळवायचं. डोप म्हणजे कापड ताठ करणारं एक प्रकारचं रोगण. त्याचा वास हाताला आठवडाभर राहायचा म्हणे. सकाळी साहेब उडणार, म्हणून रात्री टॉर्चच्या उजेडात काम. अन्न तोपखान्याच्या लंगरचं, पगार हवाई दलाचा.

चार वर्षांपूर्वी गावात चावडीसमोर माजी सैनिकांचा फलक लावला. स्थलसेना एका बाजूला, वायुसेना दुसऱ्या बाजूला. फलक करणाऱ्यांनी युनिट विचारलं. मामांनी सांगितलं, एअर ओपी. स्थलसेनेच्या यादीवाले म्हणाले, तुम्ही एअर फोर्सचे. वायुसेनेच्या यादीवाले म्हणाले, तोफांच्या युनिटला वायुसेनेत कसं घालायचं? या घोळात नावच राहून गेलं. दोन घरचा पाहुणा उपाशी, ते असं.

गावाला तरी काय दोष द्यावा? या युनिटचं घर ठरायलाच एकोणचाळीस वर्षं लागली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली, तेव्हा स्क्वॉड्रन पूर्णपणे स्थलसेनेच्या झाल्या. ६५९ हा जुना नंबर आज आपल्या आर्मी एव्हिएशनमध्ये आहे. सियाचीनवर रसद टाकणारी, जखमी जवान खाली आणणारी चीता याच कोअरची. तोपखान्याचं स्कूल १९४१ पासून देवळालीला आहे आणि हेलिकॉप्टरवाल्यांचं स्कूल तिथून जवळच, नाशिक रोडला. म्हणजे डोळा आणि तोफ, दोन्ही शेवटी आपल्या नाशिक जिल्ह्यात शेजारी येऊन बसले.

पण १९८६ च्या आधी घरी गेलेले मामांसारखे लोक या घराच्या बाहेरच राहिले. स्क्वॉड्रनचा इतिहास लिहिताना उडणाऱ्यांची नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. निःशस्त्र कापडी विमान घेऊन शत्रूच्या तोफांसमोर वर यायला छाती लागते. पण ज्या ठिगळावर भरवसा ठेवून तो गनर वर गेला, ते ठिगळही त्याच इतिहासातलं आहे.

पनागरहून परतल्यावर मामांना फोन लावला. वय ब्याऐंशी, ऐकू कमी येतं. मी ओरडून सांगितलं, "मामा, या सुट्टीत आलो की फलकावर तुमचं नाव घालून घेतो. कुठल्या बाजूला घालू?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मधी जागा हाय का बघ. न्हाईतर ऱ्हाऊ दे. ईमान पडलं न्हाई, तेवढं लिव्ह."

मधे जागा आहे. मी फोटोत बघून ठेवली आहे. सुट्टी मार्चमध्ये मंजूर झाली आहे.

जय हिंद.