मागितलेली लांबी आणि मिळालेली लांबी

संगणक आणि साठवणुकीचे उपकरण यांच्यात देवघेव सुरू होण्यापूर्वी किती बाइट हलवायचे हे ठरवावे लागते, आणि तो आकडा उपकरणापर्यंत पोहोचवण्याचे काम ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि उपकरण यांच्यामधली आज्ञावली, करते. १९६४ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० मध्ये ही देवघेव चॅनेल नावाचे स्वतंत्र यंत्र सांभाळत असे. त्याला मिळणाऱ्या ६४ बिटांच्या आज्ञेत १६ बिट मोजणीसाठी राखलेले होते, आणि काम संपल्यावर चॅनेल उरलेली मोजणी परत कळवी. नोंद मागणीपेक्षा लहान किंवा मोठी निघाली तर 'अयोग्य लांबी' दर्शवणारा बिट उठत असे, मात्र असा फरक अपेक्षितच असेल तर तो इशारा दाबून ठेवण्याची सोयही आज्ञेतच होती. फरक पडला आहे काय आणि तो ठाऊक होता काय, हे दोन प्रश्न इतक्या आरंभीच वेगळे केले गेले, ही त्या रचनेची मोठी दूरदृष्टी मानावी लागेल.

शुगार्ट असोसिएट्सच्या जुन्या जोडणीतून घडलेल्या आणि १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाण म्हणून स्वीकारल्या गेलेल्या स्कझी या जोडणीत मात्र शून्याचाच अर्थ दुभंगला. वाचनाच्या सहा बाइटी आज्ञेत लांबीला एकच बाइट मिळत असल्यामुळे २५६ ही संख्या त्यात मावत नव्हती, म्हणून तेथे शून्य म्हणजे २५६ ब्लॉक असे ठरले. दहा बाइटी आज्ञेत लांबीला दोन बाइट मिळाले आणि तेथे शून्याचा अर्थ केवळ शून्य, म्हणजे काहीही हलवू नये, असा राहिला. एटीए जोडणीच्या तबकड्यांनीही शून्य म्हणजे २५६ सेक्टर हाच संकेत पाळला, आणि २००२ च्या प्रमाणातील विस्तारित आज्ञांत तेच शून्य ६५,५३६ सेक्टरांचे झाले. स्कझीची आज्ञा एटीएत भाषांतरित करणाऱ्या ड्रायव्हरने दहा बाइटी शून्य तसेच पुढे ढकलले, तर ५१२ बाइटांच्या सेक्टरांवर, काहीच मागितलेले नसताना, १२८ किलोबाइटांची देवघेव सुरू होऊ शकते, आणि ती लेखनाची असेल तर चांगली माहिती पुसली जाते. लिनक्सच्या लिबएटीए या भागात अशी शून्य-विनंती उपकरणाकडे जाण्याआधीच वेगळी काढली जाते; शिवाय काही जुन्या तबकड्या शून्याला शून्यच समजतात, अशी सावधगिरीची नोंदही तेथे आहे.

१९९९ च्या यूएसबी साठवण-नियमांनी हाच आकडा दोनदा सांगायला लावला: एकदा ३१ बाइटांच्या वेष्टनात आणि पुन्हा त्यातल्या स्कझी आज्ञेत. दोन्ही जुळले नाहीत तर काय करावे यासाठी त्या दस्तऐवजात १३ प्रकार मांडलेले आहेत, आणि उत्तराच्या १३ बाइटांत उरलेल्या माहितीचा आकडा द्यावा असे बंधन आहे. यूएसबी आणि तबकडी यांना जोडणाऱ्या पुलांच्या स्वस्त चिपांनी हे बंधन नेहमी पाळले नाही. काही उपकरणे उरलेला आकडाच चुकीचा देत, म्हणून त्यांच्यासाठी तो दुर्लक्षिण्याची खूण लिनक्समध्ये ठेवावी लागली. ओळख विचारणाऱ्या आज्ञेत ३६ बाइटांपेक्षा अधिक मागितले की काही उपकरणे अडकून पडत, म्हणून पहिली मागणी ३६ बाइटांपुरतीच ठेवण्यात आली. जुन्या यूएसबी जोडणीवर एका वेळची देवघेव साधारणतः २४० सेक्टरांवर, म्हणजे १२० किलोबाइटांवर, थांबवली गेली आणि काही चिपांच्या बाबतीत ६४ सेक्टरांपर्यंत खाली आणली गेली.

अशा बिघाडांचा शोध घेताना यूएसबीमॉन या नोंद-साधनाचा उपयोग होतो, कारण विनंती पाठवतानाच्या ओळीत मागितलेली लांबी आणि ती पूर्ण झाल्याच्या ओळीत प्रत्यक्ष मिळालेली लांबी असे दोन आकडे त्यात पाहता येतात, आणि ते वेगळे पडले की आज्ञेतील लांबी, वेष्टनातील लांबी व उपकरणाने कळवलेला शेष एकेक करून जुळवत जावे लागते.