मशीद बंदरची मशीद

सीएसएमटीहून सुटलेली धीमी लोकल पहिली थांबते ती मस्जिद स्थानकात. आसपास मुसलमान वस्ती आहे, झकेरिया मशीद चालत गाठता येते. तेव्हा नाव तिथूनच आलं असणार, असा सर्वसाधारण समज. थोडं अधिक वाचलेले लोक तो खोडतात. इथली ‘मशीद’ म्हणजे सॅम्युअल स्ट्रीटवरचं शार हारहमीम, बेने इस्राएल ज्यूंचं प्रार्थनास्थळ, असं ते सांगतात, आणि ते मलाही मान्य आहे. पण त्याला जोडून एक वाक्य हमखास येतं: इंग्रज अधिकाऱ्यांना सिनेगॉग आणि मशीद यांतला फरक कळला नाही, म्हणून हे चुकीचं नाव पडलं. माझा विरोध या वाक्याला आहे.

इंग्रजांना सिनेगॉग ठाऊक नव्हतं, हे कसं मानायचं? लंडनमधलं बेव्हिस मार्क्स सिनेगॉग १७०१ पासून उभं आहे, आणि ईस्ट इंडिया कंपनीची लेडनहॉल स्ट्रीटवरची कचेरी तिथून हाकेच्या अंतरावर होती. गोंधळ साहेबाचा नाही. शब्द बेने इस्राएलींचा स्वतःचा आहे.

हे लोक कोकणातले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, पेणकर, नवगावकर ही त्यांची आडनावं. घरची भाषा मराठी. हिब्रूचं व्याकरणसुद्धा त्यांच्यापुढे आलं ते मराठीतून, जॉन विल्सन यांच्या पुस्तकाने. अशा समाजाने आपल्या देवघराला कोणता शब्द लावावा? मूर्ती नसलेल्या प्रार्थनागृहासाठी मराठीत रुळलेला शब्द होता मशीद. तोच त्यांनी घेतला. पुढे मुंबईत त्यांचं दुसरं प्रार्थनास्थळ झालं, तेव्हा पहिलं ‘जुनी मशीद’ ठरलं आणि दुसरं ‘नवी मशीद’. जुनं-नवं असा भेद तिथे रोज जाणारी माणसं करतात. परका कारकून कशाला करील? कोचीकडे पाहा. मल्याळममध्ये ‘पळ्ळी’ हा एकच शब्द मशीद, चर्च आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ या तिन्हींना चालतो, आणि त्याला कोणी चूक म्हणत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे. आजची वास्तू १८६० ची, आणि रेल्वे तर १८५३ लाच धावली. पण १८६० साली प्रार्थनास्थळ फक्त थोडं हललं. मूळ स्थापना १७९६ ची, सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांची. समाजात त्यांचं नाव सामाजी हसाजी. ते कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, आणि सुटकेनंतर त्यांनी हे प्रार्थनास्थळ बांधलं. पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली तेव्हा या भागात ‘मशीद’ म्हणून सत्तावन्न वर्षं नांदत असलेलं हे प्रार्थनास्थळ होतं. सॅम्युअल स्ट्रीट हे दिवेकरांचंच नाव, आणि त्याच परिसराला इस्राएल मोहल्ला म्हणतात: हिब्रू आणि अरबी, दोन्ही एकाच पाटीवर.