खर्ड्याचा तंबू आणि दुसरे महायुद्ध

दुसरे महायुद्ध आपल्या शाळा-महाविद्यालयांतून ज्या रीतीने शिकविले जाते, तीत स्टालिनग्राड असते, नॉर्मंडी असते, हिरोशिमा असते, महारवाडा नसतो. त्या युद्धाकडे मला जामखेड तालुक्यातील खर्ड्यावरून पाहावेसे वाटते.

११ मार्च १७९५ रोजी येथे मराठ्यांनी निजाम अलीखानाच्या फौजेचा पराभव केला. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. या मोहिमेतील शिदनाक महाराची कथा आपल्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याचा तंबू इतरांच्या तंबूंलगत पडला म्हणून तक्रार झाली आणि रणात तलवार पाहायची, जात नव्हे, असा निवाडा हिरोजी पाटणकरांनी दिला. कथेचा तपशील कोणी नाकारला तरी तिच्यातला सौदा नाकारता येत नाही. लढाई उभी आहे तोवर शेजारचा तंबू चालतो. लढाई सरली की तो वेशीबाहेर जातो. याच खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला, आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. विजयाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हेही त्याच गावाच्या इतिहासात लिहून ठेवावे.

इंग्रजांनीही तोच सौदा चालविला. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे त्यांनी स्तंभावर कोरली, आणि १८९२ च्या सुमारास ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त पुढे करून त्याच जातीची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळ्यांनी केलेले अर्ज सरकारदरबारी पडून राहिले. दरवाजा उघडला तो १९१७ साली, पहिल्या महायुद्धाला माणसे कमी पडू लागली तेव्हा. १११ वी महार पलटण उभी राहिली. शांतता होताच १९२१ पर्यंत ती मोडलीही गेली.

आता दुसरे महायुद्ध. जून १९४० मध्ये फ्रान्स शरण गेला, हा माझ्या मते आपल्या दृष्टीने या युद्धाचा पहिला निर्णायक क्षण. युरोपात ब्रिटन एकटे पडले आणि १९३९ साली सुमारे दोन लाखांची असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत वीस लाखांच्या वर नेणे भाग पडले. ‘लढाऊ’ म्हणून ठरविलेल्या मोजक्या जातींच्या बळावर हे होणार नव्हते. बाबासाहेब महारांच्या भरतीसाठी आग्रह धरीतच होते. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक मंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. हे औदार्य नव्हते. गरज होती, आणि त्या गरजेची किंमत वसूल करणारा माणूस या वेळी आपल्याजवळ होता. १९१७ साली तो नव्हता.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले, आणि त्याच महिन्यात क्रिप्स दिल्लीत आले. त्यांच्या योजनेत अस्पृश्यांसाठी ठोस काही नव्हते. त्याला उत्तर म्हणून जुलैमध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या, त्या हा रेटा असतानाच.

१९४४ साली इंफाळ-कोहिमा येथे जपानी फौज मागे रेटली गेली. लष्करी इतिहासकार याला मोठे वळण म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण शत्रू मागे हटू लागला तशी आपली किंमतही उतरू लागली, हे ते लिहीत नाहीत. १९४६ च्या निवडणुकांत फेडरेशनचा दारुण पराभव झाला. १६ मे १९४६ च्या कॅबिनेट मिशनच्या निवेदनात घटना समितीसाठी सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख असे तीनच गट मानले गेले. अस्पृश्य ‘सर्वसाधारण’मध्ये ढकलले गेले. तंबू पुन्हा वेशीबाहेर गेला.

तरी या वेळी १९२१ ची पुनरावृत्ती पूर्ण झाली नाही. बाबासाहेब जोगेंद्रनाथ मंडलांच्या साहाय्याने बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. महार रेजिमेंटही मोडली गेली नाही. १९४६ मध्ये तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले, आणि तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.