गोळेश्वरचा गडी आणि गादी

महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेत मातीचा विजेता एकीकडून येतो, गादीचा (मॅटचा) दुसरीकडून, आणि गदेसाठी दोघं भिडतात. तांबड्या मातीच्या या मुलखात गादीला मान कसा आला, हे शोधायला गेलं की पाय कराडजवळच्या गोळेश्वरकडं वळतात.

खाशाबा जाधव तिथले. वडील दादासाहेबही पैलवान. कराडच्या टिळक हायस्कुलातून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले आणि कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं 1948 साली लंडन ऑलिंपिकला. गादीची खरी गाठ तिथंच पडली. मातीत पाठ लागली की निकाल, तोवर कुस्ती कितीही चालो. गादीवर घड्याळ आलं, गुण आले. प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी ते तंत्र शिकवलं आणि 52 किलो गटात खाशाबा सहावे आले.

मला वाटतं, त्यांना गादीइतकाच वजनकाटा पावला. आपल्या मैदानात गर्दी होते ती धिप्पाड जोडीसाठी. किरकोळ अंगाच्या गड्याची कुस्ती दुपारीच उरकते. वजनगटात मात्र त्याचं कसब त्याच्याच मापाच्या माणसाशी तोललं जातं. खाशाबांचा ढाक हा डाव मातीतलाच होता, पण त्याची किंमत काट्यानं वाढवली.

1952 च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण टाकून 7 हजार रुपये दिले. (एवढा भरवसा आज कोणतं कॉलेज टाकील?) 57 किलो गटात कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरले. जपानच्या शोहाची इशीशी मात्र कुस्ती लांबली आणि हातची गेली. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण भांडायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. दमल्या अंगानं लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवपुढं उभं राहावं लागलं. तीही गेली. इशी सुवर्ण, मम्मदबेयोव रौप्य, खाशाबा कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला 1996 उजाडलं.

कराड स्टेशनावर 151 बैलगाड्या आल्या होत्या. मिरवणूक संपल्यावर कर्ज उरलंच. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवायला हातभार लावला.